लाइक भरपूर, ऑर्डर शून्य!

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी जण सध्या काहीतरी विकतोच आहे. कुणी रेझिनची कानातली, कुणी थ्रिफ्टचे शर्ट, कुणी हाताने रंगवलेल्या पणत्या. माझी एक मैत्रीण खणाच्या कापडाच्या बॅगा शिवून घेते आणि ऑनलाइन विकते. खरं तर ‘विकते’ म्हणणं परवापरवापर्यंत जरा धाडसाचंच होतं. रीलला लाइक यायचे, ‘प्राइस प्लीज’च्या कमेंट यायच्या, लोक लिंकवर जायचेही. आणि तिथून गुपचूप परत फिरायचे. भांडवल होतं आईने भिशीतून उचललेलं. आई काही विचारत नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

उपाय म्हणून तिच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या: अजून डिस्काउंट किंवा अजून जाहिरात. तुम्हीही असं काही चालवत असाल तर तुम्हालाही हेच सुचलं असेल. पण दुकानाची पायरीच तुटलेली असेल तर बाहेर मोठा बोर्ड लावून काय होणार?

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. माझी मावशी रोज डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटीला जाते. एक दिवस मी तिच्यासोबत चढले, लिंक पाठवली आणि म्हटलं, ‘मावशी, यातली एक बॅग घे. पैसे माझे. पण मी काहीही सांगणार नाही, फक्त बघणार.’

एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात फोन. म्हणजे सगळा कारभार एकट्या अंगठ्यावर. पान उघडेपर्यंत दिवा मागे पडलं होतं, कारण मैत्रिणीने भावाच्या कॅमेऱ्यातले पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले होते. पान उघडलं तर ‘ईमेल द्या, १० टक्के सूट मिळवा’ अशी पाटी. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की मावशीचा अंगठा तीनदा भलतीकडेच पडला. (बोटाने दाबायची गोष्ट निदान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावी, असं गूगलच अँड्रॉइडवाल्यांना सांगतं.) शेवटी एक जांभळी बॅग तिला आवडली. खाली वर्णन होतं, ‘प्रीमियम एथनिक वाइब’. मावशीने वर बघून विचारलं, ‘अगं, पण यात डबा मावतो का?’

मी गप्प. ठरलंच होतं तसं.

पुढे ‘लॉगिन करा’. नंबर टाकला आणि नेटवर्क गेलं. ओटीपी आला तो ठाण्याला, तोवर त्याची मुदत संपली होती. दुसरा ओटीपी, मग पत्ता, मग ४९९च्या बॅगेवर अचानक ८० रुपये डिलिव्हरी. मावशीच्या कपाळावर आठी. शेवटच्या स्क्रीनवर पैसे भरायला क्यूआर कोड. आता तुम्हीच सांगा, फोनच्या स्क्रीनवरचा कोड त्याच फोनने कसा स्कॅन करायचा? स्क्रीनशॉट काढून गॅलरीतून उघडता येतो, पण मावशी तेवढं कशाला करेल? तिने फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, ‘आणि हे दुकान आहे तरी कुठं गं? पैसे गेले तर भांडायचं कुणाशी?’

मावशी एकटी नाही. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था वर्षानुवर्षं हे मोजते आहे. सरासरी सुमारे ७० टक्के भरलेल्या कार्ट पैसे न भरताच सोडल्या जातात. नुसतं बघायला आलेले वगळले तर सगळ्यात मोठं कारण निघतं, शेवटी वाढणारा खर्च. सक्तीच्या लॉगिनबद्दल डिझाइन तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी लिहिलेला किस्सा तर प्रसिद्ध आहे. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने ‘रजिस्टर’ बटण काढून तिथे ‘कंटिन्यू’ ठेवलं, खातं उघडायची गरज नाही असं लिहिलं, आणि खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री! एका बटणावर!

त्या संध्याकाळी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो. फोटो लहान केले. पाटी काढून टाकली. लॉगिन ऐच्छिक केलं. फोन नंबरच्या रकान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल असं केलं. क्यूआरऐवजी फोनमधलं यूपीआय ॲप थेट उघडेल अशी सोय पेमेंट गेटवेमध्ये होतीच, फक्त चालू करायची होती. किंमत केली ५७९, डिलिव्हरी धरून. मैत्रीण घाबरली होती, आकडा मोठा दिसतो म्हणून. मला विचाराल तर मोठा आकडा परवडला, शेवटच्या पायरीवरचा धक्का नको.

खरं काम होतं विश्वासाचं. तिचं ‘रिटर्न पॉलिसी’चं पान उघडलं तर आत भलत्याच कंपनीचं नाव! कुठूनतरी कॉपी केलेलं इंग्रजी, तिने स्वतःही कधी वाचलं नव्हतं. आता तिथे मराठीत चार ओळी आहेत: किती दिवसांत परत घेणार, कुरिअरचा खर्च कुणाचा, पैसे कधी मिळणार, फोन कुणाला करायचा. ही मेहेरबानी नाही बरं का. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार नियमित विक्री करणाऱ्याने नाव, पत्ता, परताव्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकारी कोण हे दाखवायलाच हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिनाभरात. इथे तक्रार निवारण अधिकारी म्हणजे तीच, हे लिहिताना आम्ही खूप हसलो.

एका गोष्टीवर मात्र भांडण झालं. वेबसाइटच्या तयार थीममध्ये एक घड्याळ होतं, ‘ऑफर संपायला १४ मिनिटं’. पान रिफ्रेश केलं की पुन्हा पंधरा. तिला ते ठेवायचं होतं, ‘सगळेच करतात’ म्हणून. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ‘डार्क पॅटर्न’ची यादी काढली, त्यात अशी खोटी घाई आहे आणि शेवटी हळूच वाढणारी किंमतही. पण तिला यादीने नाही पटलं. मी विचारलं, ‘आपल्याला असं घड्याळ दिसलं की आपण काय करतो?’ ती म्हणाली, ‘स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो आणि हसतो.’ घड्याळ गेलं.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी का, यावर अजून एकमत नाही. अनोळखी दुकानातून घेताना लोकांना तीच हवी असते, पण पार्सल दारातून परत आलं तर जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च तिच्या माथी. या धंद्यात त्याला ‘आरटीओ’ म्हणतात, रिटर्न टू ओरिजिन. लायसन्सवाल्या आरटीओइतकाच धसका तिने याचाही घेतलाय. सध्या ती पार्सल पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकते आणि ‘हो’ आलं तरच पाठवते.

पुढच्या सोमवारी मावशीने पुन्हा प्रयत्न केला. यावेळी मी सोबत नव्हते. मुलुंडच्या आसपास मैत्रिणीचा फोन वाजला, ऑर्डर आली होती. त्या आठवड्यात आणखी सहा आल्या. एक परत आली, रंग फोटोपेक्षा गडद निघाला म्हणून. तो फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता. आता सगळे खिडकीपाशी, दिवसाउजेडी काढायचे आहेत.

मावशीने बॅग मिळाल्यावर चार शब्दांचा मेसेज केला होता. मैत्रिणीने ‘प्रीमियम एथनिक वाइब’ खोडलं आणि तिला विचारून तिचेच शब्द बॅगेच्या फोटोखाली टाकले: ‘डबा मावतो. छत्री नाही.’