मशीन जोडले, पण कॉम्प्युटर ओळखेना!

ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात अंगठा द्यायला माणसे रांगेत उभी आहेत आणि ऑपरेटर सांगतो, “मशीन घेत नाही हो, उद्या या.” हे वाक्य ज्या शेतकऱ्याने ऐकले नाही तो नशीबवानच म्हणायचा. ‘उद्या या’ म्हणणे सोपे आहे. पण येणाऱ्याचा एक रोज बुडतो, एसटीचे भाडे जाते, आणि वाडीवरून चालत आलेल्या म्हातारीला पुन्हा तेवढेच चालावे लागते. तिकडे सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांचे डिजिटल सहीचे टोकन कॉम्प्युटरने ओळखले नाही, तर नळयोजनेच्या ठेकेदाराचे बिल महिनाभर तसेच पडून राहते.

यात खरी गोम अशी, की बऱ्याच वेळा मशीन बिघडलेलेच नसते. वायर बदलली, भोक बदलले, की ते चालू लागते. पण कोणी तेवढे बघत नाही. कोणी नवे मशीन मागवतो, कोणी दिसेल त्या बटणावर ‘यस’ दाबून बसतो. दुसरा प्रकार तर फारच महाग पडतो. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी हे यूएसबी प्रकरण काय ते थोडक्यात समजून घेऊ. पूर्वी प्रिंटरला एक रुंद पिन, माऊसला दुसरी गोल पिन, असे प्रत्येकाचे वेगळे असे. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक आले आणि सगळ्यांना एकच भोक झाले. ते घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या मंडळींत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. साध्या यूएसबी वायरीत आत चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, तीही अवघी ५ व्होल्टची. पांढरी आणि हिरवी बोलणे करतात. तुम्ही मशीन जोडले की कॉम्प्युटर त्याला विचारतो, तू कोण? मशीन आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर सांगते. मग कॉम्प्युटर त्या नंबरचा ड्रायव्हर, म्हणजे ते मशीन चालवायचा प्रोग्राम, आपल्याकडे शोधतो.

आता बघा, मशीनचा लाल दिवा लागला याचा अर्थ फक्त वीज पोचली. बोलणे झाले असे नव्हे. स्टार्टरचा दिवा लागतो आणि मोटार पाणी फेकत नाही, तेव्हा आपण काय करतो? लगेच नवी मोटार आणत नाही. फ्यूज बघतो, केबल बघतो, फूटव्हॉल्व्ह बघतो. इथेही क्रम तोच ठेवावा.

वायर आणि भोक

पहिला संशय वायरीवर घ्यावा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या मोबाइलच्या कित्येक वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत बोलण्याच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा वायरीने मोबाइल कॉम्प्युटरला जोडला तर तो चार्ज होईल, पण गारपिटीने झोपलेल्या गव्हाचे फोटो कॉम्प्युटरवर येणार नाहीत. वायर बरोबर असूनही फोटो दिसत नसतील, तर मोबाइलचे लॉक उघडावे, वरून पट्टी खाली ओढावी आणि तिथे ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. एवढ्यावर काम होते.

प्रिंटर पलीकडच्या खोलीत आणि कॉम्प्युटर अलीकडच्या, अशी रचना पुष्कळ कार्यालयांत दिसते. मग वायरीला वायर जोडत जातात. साध्या यूएसबी वायरीची मर्यादा ५ मीटर धरलेली आहे. त्यापुढे मशीन कधी दिसते, कधी गायब होते. अशा वेळी टेबल सरकवलेले बरे.

डब्याच्या, म्हणजे सीपीयूच्या, पुढच्या बाजूची भोके आतून एका बारीक वायरीने मुख्य बोर्डाला जोडलेली असतात. मागची भोके थेट बोर्डावर बसवलेली असतात. म्हणून पुढे मशीन ओळखले नाही तर मागे लावून बघावे. तेवढ्याने भागले नाही तर अदलाबदल करावी. त्याच भोकात चालू माऊस लावावा, आणि तेच मशीन शेजारच्या कॉम्प्युटरला लावावे. माऊसही चालला नाही तर दोष भोकाचा. मशीन दुसरीकडेही मुके राहिले तर दोष मशीनचा किंवा त्याच्या वायरीचा. दोन्ही चालले तर दोष कॉम्प्युटरच्या आत, ड्रायव्हरमध्ये. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्याने हजारो रुपयांची चुकीची खरेदी टळते.

एका भोकाला चार तोंडांचा हब लावून त्यावर प्रिंटर, अंगठ्याचे मशीन, वेबकॅम आणि वर मोबाइलचे चार्जिंग, असा कारभार सर्रास चालतो. एका डीपीवर नको तितक्या मोटारी टाकल्यावर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. साधे यूएसबी २ चे भोक ५०० मिलीअँपिअर वीज देते, निळ्या रंगाचे यूएसबी ३ चे ९००. बिनअडॅप्टरचा हब तेवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ‘टक टक’ आवाज करून दिसत नसेल, तर आधी वीज कमी पडते आहे का ते पाहावे. तिला मागच्या भोकात स्वतंत्र लावावे, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. तरीही आवाज येत राहिला तर डिस्क आतून गेली असे समजून ती बंद ठेवावी, पुन्हा पुन्हा चालवू नये.

धुळीचे काय विचारता! गोदामाला लागून असलेल्या कार्यालयात भोकांत भुसा आणि कापसाचे तंतू सापडतात. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने साफ करावे. सुई घालू नये. तोंडाने फुंकले तर थुंकी आत जाते.

बंद केले म्हणजे बंद झाले?

‘बंद करून चालू करा’ हा सल्ला सगळेच देतात. पण २०१२ सालच्या विंडोज ८ पासून एक फरक झाला आहे. ‘शट डाऊन’ केल्यावर कॉम्प्युटर पुढच्या वेळी लवकर उठावा म्हणून आतली काही स्थिती जपून ठेवतो, आणि चुकलेली ओळखही तिच्याबरोबर जपली जाते. ‘रीस्टार्ट’ केले तर सगळे नव्याने होते. म्हणून अशा वेळी रीस्टार्टच करावे. त्यानेही झाले नाही तर कॉम्प्युटर बंद करून भिंतीतला प्लग काढावा, सुरू करायचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल, आणि मग पुन्हा चालू करावे.

इतके करूनही नाही, तर ‘स्टार्ट’च्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रांची ती हजेरीपट आहे. ज्याचे नाव पिवळ्या खुणेसह दिसेल तिथे घोटाळा. नावावर दोनदा टिचकी मारली की एक कोड नंबर दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. कोड ४३ म्हणजे मशीनने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवले. यात पुष्कळदा वायर, वीज किंवा मशीन स्वतःच कारण असते. कोड १० म्हणजे मशीन सुरू होऊ शकले नाही. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असे दिसले तर बोलणे अर्धवट तुटले, म्हणून पुन्हा वायरीकडे वळावे.

पिवळी खूण असलेल्या त्याच नावावर उजवे बटण दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करावे, मशीन काढावे, रीस्टार्ट करून पुन्हा जोडावे. उत्साहाच्या भरात यूएसबी कंट्रोलरची सगळी नावे उडवू नका. माऊस आणि कीबोर्डही त्यांवरच चालतात. ते जागच्या जागी मुके होतील आणि बसाल बघत.

ड्रायव्हर घ्यायचा तो मशीनच्या बुडाशी लिहिलेला मॉडेल नंबर पाहून त्याच कंपनीच्या साइटवरून. ‘सर्व ड्रायव्हर मोफत’ अशी जाहिरात करणारे प्रोग्राम टाकून कॉम्प्युटरचा उकिरडा करणारे ऑपरेटर कमी नाहीत. आणखी एक. काही कार्यालयांत अजून विंडोज ७ चालू आहे. त्याचा आधार कंपनीने जानेवारी २०२० मध्येच बंद केला. त्यात निळ्या भोकांचा ड्रायव्हर मुळात येत नाही, तो वेगळा टाकावा लागतो. तिथे काळे भोक वापरून बघावे.

मशीन सकाळी चालते आणि तासाभराने झोपते, अशीही तक्रार असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची परवानगी दिलेली असते. ती खूण काढून टाकावी.

अंगठ्याचे मशीन

डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीन व्यवस्थित दिसते, पिवळी खूण नाही, तरी पोर्टल म्हणते ‘डिव्हाइस नॉट रेडी’. इथे वायरीशी झटापट करून उपयोग नाही. आधारसाठी अंगठा घेणाऱ्या मशीनला ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा नोंदणीकृत प्रोग्राम लागतो. त्याची मुदत असते आणि ती संपली की पैसे भरून वाढवावी लागते. मुदत आहे पण सर्व्हिस थांबली आहे, असेही होते. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत जाऊन ती पुन्हा सुरू करता येते. मशीन जुन्या एल-झिरो जातीचे असेल तर आधार प्राधिकरणाने नव्या एल-वन जातीकडे जायला सांगितलेले आहे. ते मशीन वायरीने ठीक असूनही काम नाकारू शकते.

शेतकरी बंधूंनी एवढे लक्षात ठेवावे, की मशीन बंद म्हणून प्रत्येक वेळी काम बंद नसते. पीएम किसानच्या ई-केवायसीला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी चालतो. २०२३ पासून त्याच्या मोबाइल अॅपवर चेहरा दाखवूनही होते. ऑपरेटरने ‘उद्या या’ म्हटले, तर हे विचारायला लाजू नका.

सहीचे टोकन

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक वस्तू ही. ते दिसते पेन ड्राइव्हसारखे, पण पेन ड्राइव्ह नव्हे. पुष्कळशी टोकन जोडल्यावर ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सीडी असल्यासारखी दिसतात. त्या सीडीतलाच प्रोग्राम टाकावा लागतो. तो न टाकता ‘टोकन उघडत नाही’ म्हणून ओरड होते. दोघांची टोकन एकाच वेळी लावल्यास काही कॉम्प्युटर गोंधळतात. एक काढून एकच लावून पाहावे. सहीची मुदत संपली आहे का, हेही टोकनच्याच प्रोग्राममध्ये दिसते.

पिन आठवत नसेल तर अंदाजाने ठोकत बसू नये. ठराविक चुकांनंतर टोकनला कुलूप लागते. आणि ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ हे बटण तर कधीच दाबू नये. टोकन कोरे होते आणि आतली सही कायमची जाते. ती परत आणता येत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा ओळख पडताळणी, पुन्हा पोर्टलवर नोंदणी आणि मंजुरी. तोपर्यंत मजुरांची आणि ठेकेदारांची देणी थांबतात. सुरुवातीला महाग पडणारे ‘यस’ म्हटले, त्यातले एक हे.

स्पष्टच सांगायचे तर दोन्ही टोकन ऑपरेटरच्या खणात आणि पिन खणाच्या झाकणावर चिकटवलेला, ही पद्धत बंद झाली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे सहीची किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सहीच्या मालकाची आहे. पैसे चुकीच्या खात्यात गेले तर ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटका नाही.

पेन ड्राइव्ह

दुसरे महाग ‘यस’ इथे असते. पेन ड्राइव्ह लावला की संदेश येतो, ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’. आत ग्रामसभेचे ठराव, घरपट्टीची यादी, घरकुलांचे फोटो. ‘कॅन्सल’ दाबावे. आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघावे. फॉरमॅटचा संदेश न येता ड्राइव्ह नुसता दिसतच नसेल, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तिथे तो आहे पण त्याला अक्षर नाही, असे असेल तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ने अक्षर दिले की आतले सगळे दिसू लागते. तिथे ‘रॉ’ असे लिहिलेले असेल तर काहीही न लिहिता काढून ठेवावा आणि माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. आधी माहिती, मग दुरुस्ती. ‘नो मीडिया’ दाखवत असेल तर आतली चिप गेली असण्याचीच शक्यता जास्त.

एवढे करून अडलेच, तर तालुक्याच्या इंजिनिअरला फोन करताना ‘चालत नाही’ एवढेच सांगू नका. मशीनचे मॉडेल, विंडोज कोणते, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड नंबर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर काय झाले, हे एका कागदावर लिहून फोन लावावा. त्याच कागदावर आरडी सर्व्हिस आणि सही यांच्या मुदती लिहून तो कॉम्प्युटरच्या शेजारी भिंतीला चिकटवावा. पिन मात्र त्यावर लिहू नये.