डाव्या हाताची कुमक

बेसबॉलच्या सामन्यातून एकदा काढून घेतलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा मैदानात उतरू शकत नाही. त्यामुळे मूळच्या पिचरचा हात थकला की कुमकेस कोणता गडी धाडावा, हा निर्णय व्यवस्थापकाच्या मुत्सद्देगिरीचा कस पाहणारा असतो. अशी कुमक पुरविण्यात ज्याने आयुष्य वेचले, तो कॅलिफोर्नियाचा डावखुरा जेसी ओरॉस्को १९७९ ते २००३ या काळात नऊ संघांच्या चाकरीत १२५२ सामने खेळला, आणि इतके सामने खेळलेला दुसरा पिचर मेजर लीगच्या दफ्तरात नाही.

अशा कुमकेत डाव्या हाताला जे मोल आहे, ते केवळ बळाचे नव्हे, तर भूमितीचे आहे. ताशी १४५ किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत येतो, आणि टोला हाणावा की न हाणावा हे त्यातील निम्म्या अवधीतच ठरवावे लागते. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या पिचरचा चेंडू जणू आपल्या पाठीमागून निघाल्यासारखा भासतो. शिवाय फिरत्या चेंडूच्या दोन बाजूंस हवेचा दाब विषम होऊन, ज्याला मॅग्नस परिणाम म्हणतात त्याच्या योगाने, ओरॉस्कोचा स्लायडर नावाचा वळणारा चेंडू ऐन वेळी अशा फलंदाजाच्या बॅटपासून दूर वळे. त्यातच मनुष्यजातीत डावखुरे दहांत एक, तेव्हा फलंदाजाची नजर बालपणापासून घोटली जाते ती बहुतांशी उजव्या हाताच्या फेकीवर. दुर्मिळता हेच येथे शस्त्र ठरते.

१९८६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या लढतीचा, अखेरचा बळी न्यूयॉर्क मेट्सकरिता ओरॉस्कोनेच प्रतिस्पर्धी फलंदाज मार्टी बॅरेटला चकवून मिळविला. योगायोग असा, की ज्या जेरी कूझमनच्या बदल्यात तो मेट्सकडे आला होता, त्याच कूझमनने १९६९ मध्ये त्या संघाच्या पहिल्या वर्ल्ड सिरीज विजयाचा शेवटचा चेंडू टाकला होता.

पण मला त्याची उत्तरायुष्यातील चिकाटी अधिक मोलाची वाटते. फेकीच्या क्षणी खांदा सेकंदास सुमारे ७००० अंश या गतीने फिरतो, आणि त्या ताणाने कित्येकांच्या कोपराचे स्नायुबंध तुटून कारकीर्द अकाली संपते. ओरॉस्को मात्र एकेका सामन्यात मोजक्याच फलंदाजांपुरता उभा राहून, सरासरीने जेमतेम एक डाव टाकीत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत टिकला. अशा अल्पशा कुमकेला आता आळा बसला आहे: २०२० पासून किमान तीन फलंदाजांना तोंड दिल्याविना, अथवा तो अर्धा डाव संपल्याविना, पिचरला परत बोलावता येत नाही, असा नियम मुक्रर झाला आहे. ओरॉस्कोचा सामन्यांचा उच्चांक मात्र अद्याप अबाधित आहे.