संत्र्याचा रंग नेमका कुठे उतरतो?

पहाटे साडेपाच
डिसेंबरात पांढुर्ण्याची थंडी चांगलीच झोंबते, पण आंबिया बहाराची तोड सुरू झाली की अंथरुणात पडून राहवत नाही. बॅटऱ्या खिशात ठेवतो, कारण गारठ्यात त्या लवकर उतरतात. कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवायची सोय चालू करतो. फोटो सुधारायचं कोणतं सॉफ्टवेअर कायमचं धरायचं, ते आज ठरवायचं आहे. त्यासाठी कंपन्यांनी दिलेले समुद्रकिनाऱ्यांचे नमुने कामाचे नाहीत. परीक्षा आपल्या उन्हातल्या, आपल्या रंगांच्या फोटोवरच व्हायला हवी.

सकाळी सात
सौंसरच्या रस्त्याला ओळखीचा बगीचा आहे. ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांवर आलंय आणि तोडीला आलेल्या बाया क्रेट भरताहेत. मला एकाच चौकटीत चार गोष्टी हव्यात: उन्हातली संत्री, सावलीतली गर्द पानं, माणसाचा चेहरा आणि काहीतरी पांढरं. बगीच्याचे मालक काकाजी गळ्यात पांढरा दुपट्टा टाकून ढिगापाशी बसतात.
"संत्रा पिवळा दिसू नको देजो बाबू," ते बजावतात, "व्यापारी रंग पाहूनच भाव करते."
कॅमेऱ्याच्या पडद्यावर जेपेग मोठा करून पाहतो. उन्हाकडच्या बाजूला संत्र्याचा लाल रंग कमाल पातळीला जाऊन टेकलाय. सालीवरची बारीक छिद्रं तिथे नाहीशी झालीत, उरलाय तो सपाट नारिंगी ठिपका. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. ती छिद्रं रॉमध्ये शिल्लक असण्याची आशा आहे. ती बाहेर काढणं हे रात्रीचं काम.

सकाळी साडेदहा
नोकरी हिशेबाची आहे. जेवणाची सुट्टी सोडली तर पाचपर्यंत मान वर करायला सवड नसते.

दुपारी दीड
डबा खाऊन ओळखीच्या स्टुडिओत डोकावतो. तिथले भाऊ लग्नांचे अल्बम करतात आणि त्यांचं सगळं काम फोटोशॉपवर चालतं. १९९० साली आलेलं हे सॉफ्टवेअर आजही पानं जुळवायला, थरांवर थर ठेवायला पक्कं आहे. २०१३ मध्ये ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने नव्या आवृत्त्यांसाठी वर्गणीची पद्धत आणली. भाऊंना ती जड जात नाही, लग्नसराईत वसूल होते. हौशी माणसाचं गणित वेगळं असतं. पावसाळ्यात महिना महिना कॅमेरा पिशवीतच राहतो आणि वर्गणी मात्र चालूच राहते. धंद्याला जे परवडतं ते छंदाला परवडेलच असं नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

संध्याकाळी साडेसहा
कार्डातले फोटो लॅपटॉपवर आणि दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. जुन्या फोल्डरमध्ये सौंसर स्टेशनावरच्या छोट्या गाडीचे फोटो आहेत. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली आणि तिथे ब्रॉडगेज आली. ते फोटो आता पुन्हा काढता येणार नाहीत. सॉफ्टवेअरचंही तसंच होतं: पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, गूगलने पिकासा बंद केलं. आपल्याकडे घरोघरी फोटो लावून ठेवायला लोक तेच वापरत होते. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना रंगाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: दहा-वीस वर्षांनी माझ्या सुधारणा मला उघडता येतील का?

रात्री साडेसात
सुरुवात अडोबीच्याच लाइटरूम क्लासिकच्या सात दिवसांच्या मोफत चाचणीने. काम झपाट्याने होतं, यात शंका नाही. उजेड किंचित उतरवला आणि सालीवरची छिद्रं परत दिसू लागली. मग नारिंगीची पट्टी लालसर बाजूला सरकवली. संत्री हवी तशी पिकली, पण काकाजींचा चेहराही तांबडा झाला! आपल्या कातडीचा रंग नारिंगीच्याच घरात मोडतो, त्यामुळे एक हलवला की दुसरा हलतो. इथे चेहरा वेगळा निवडून झाकावा, म्हणजे मास्क करावा लागतो. लाइटरूम माणूस स्वतः ओळखून निवडतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र वर्गणी थांबली की फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण सुधारणा करायचा डेव्हलप विभाग बंद होतो.

रात्री साडेआठ
आता डार्कटेबल. २००९ पासून जगभरातले स्वयंसेवक ते घडवत आहेत. ते मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. शिकायला अवघड आहे, हे स्पष्ट सांगतो. एकच काम करायचे अनेक मार्ग आहेत आणि नवखा माणूस गोंधळतो. पण इथे रंगाच्या मर्यादा आखून मास्क करता येतो आणि वर हाताने रेघ मारून तो आवळता येतो. तसं केल्यावर संत्री बदलली, चेहरा जागच्या जागी राहिला. दुपट्टा अगदी शुभ्र केला तर सकाळचं कोवळं ऊनच निघून जातं, म्हणून तो जरा पिवळट ठेवला. डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही. सगळ्या सुधारणा शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि ती फोटोसोबत कुठेही नेता येते. त्याच्या जोडीचं रॉथेरपी २०१० पासून खुलं आहे. बारीक तपशील काढण्यात ते सरस वाटलं, पण मास्कच्या कामात डार्कटेबल मला सोयीचं पडलं.

रात्री साडेनऊ
चौकटीच्या कोपऱ्यात विजेची तार आलीय. ती काढायला गिंप उघडतो. १९९० च्या दशकात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मार्च २०२५ मध्ये ३.० ला पोहोचलं. आता त्यात लावलेलं फिल्टर नंतरही बदलता येतं. तार गेली, आकाश साफ झालं.

रात्री दहा
१२ बाय १८ इंचाच्या प्रिंटसाठी ३०० डीपीआयने ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. तेवढी एसआरजीबी जेपेग काढून नागपूरच्या लॅबसाठी ठेवली. पडद्याचा उजेड आधी कमी केला होता, नाहीतर प्रिंट काळपट येतो. सोबत एक टिफ प्रतही ठेवली. एका सॉफ्टवेअरमधल्या सुधारणा दुसऱ्यात जशाच्या तशा जात नाहीत. तयार प्रत मात्र कुठेही उघडते.

माझा कौल डार्कटेबल आणि जोडीला गिंप. लग्नाची कामं घेणाऱ्याने अडोबी बेशक घ्यावं. फक्त मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला स्नॅपसीड पुरेसं आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुके मिळून नवा जिल्हा झाला. त्याची चित्रं तुम्हीआम्हीच जपायची आहेत. तेव्हा आपल्या बगीच्यातला, आपल्या माणसाचा एक फोटो घ्या, तो सगळ्या सॉफ्टवेअरांत उघडून पाहा आणि मग एकच निवडून वर्षभर सोडू नका.