वायूतून उगवणारा हिरा

एलईडी दिवे येण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक पेढीच्या छताला एक पांढरी नळी लटकत असे. तिच्या प्रकाशात कापडाचे ताके उलगडले गेले, सोने तोलले गेले, दिवाळीच्या आधी वह्यांचे मेळ जुळवले गेले. त्या नळीत उजळत होता तो घन, द्रव आणि वायू यांच्या पलीकडचा पदार्थाचा चौथा प्रकार, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. विरळ वायूतून वीज गेली की काही अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि एरवी विजेला दाद न देणारा वायू स्वतःच वीजवाहक होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ साली या अवस्थेला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले.

सूर्यही प्लाझ्माचाच बनलेला आहे. मग ट्यूबलाइट हाताला जेमतेम कोमट का लागते? कारण तिच्यातील प्लाझ्माला एक नव्हे, दोन तापमाने असतात. हलके इलेक्ट्रॉन विजेपासून ऊर्जा घेऊन इतक्या वेगाने धावतात की त्यांचे तापमान दहा हजार अंशांवर भरते. पण डोंगरावर आपटलेल्या चेंडूने डोंगर हलत नाही, तसे जड अणू या धडकांनी फारसे तापत नाहीत. यालाच शीत किंवा अल्पतापमानी प्लाझ्मा म्हणतात. एरवी ज्या रासायनिक क्रियेसाठी प्रचंड उष्णता लागली असती, ती येथे चपळ इलेक्ट्रॉनच घडवून आणतात. ज्या चिपवर आज मोबाइल चालतो, तिच्यावरील सूक्ष्म रेषा अशाच प्लाझ्माने कोरलेल्या असतात. हिऱ्याच्या बाजाराला गेल्या दशकात जो हादरा बसला, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

सुरतेतील एखाद्या कारखान्यात डोकावले तर एका बंद धातूच्या पात्रात, काचेच्या झरोक्याआड, जांभळट-गुलाबी तेजाचा एक गोळा तरंगताना दिसतो. घरातील मायक्रोवेव्ह शेगडीत जी लहर असते, त्याच वारंवारतेची, पण कितीतरी अधिक शक्तीची लहर या पात्रात सोडलेली असते. आत बहुतांश हायड्रोजन आणि त्यात थोडासा मिथेन. गोळ्याच्या तळाशी, आठशे ते हजार अंश तापमानाला, खऱ्या हिऱ्याच्या पातळ चौकोनी चकत्या मांडलेल्या असतात. त्यांना ‘बीज’ म्हणतात. हा प्लाझ्मा ट्यूबलाइटइतका थंड नसतो. त्यातील वायूही दोन-तीन हजार अंशांपर्यंत तापतो. तरी इलेक्ट्रॉन त्याच्या कितीतरी पुढेच असतात.

खरी किमया हायड्रोजनची आहे. मिथेनमधून कार्बन सुटला की त्याची स्वाभाविक ओढ ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतील काळा पदार्थ, होण्याकडे असते. त्या दाबाला आणि तापमानाला निसर्गाचा कौल ग्राफाइटच्याच बाजूने पडतो. परंतु प्लाझ्मातील इलेक्ट्रॉन हायड्रोजनचे रेणू फोडून त्यांचे सुटे अणू करतात. हे अणू ग्राफाइटचा कण भराभर खाऊन टाकतात आणि हिऱ्याला मात्र फारसा धक्का लावत नाहीत. काळे वेचले जाते, पांढरे उरते. थरावर थर चढत जातो, तोही तासाला केवळ काही सहस्रांश मिलिमीटर. एक कॅरेटचा पैलूदार हिरा निघेल एवढा स्फटिक वाढायला साधारणपणे काही आठवडे लागतात. मध्येच वीज गेली तर तेजाचा गोळा क्षणात विझतो, आणि पुन्हा वाढ सुरू केल्यावर त्या सांध्याची रेघ स्फटिकात उमटू शकते.

ही विद्या आजची नाही. अमेरिकेत युनियन कार्बाइडचे विल्यम एव्हरसोल यांनी १९५२-५३ च्या सुमारास कमी दाबाच्या वायूतून हिरा वाढवला होता; पण १९५५ साली जनरल इलेक्ट्रिकने प्रचंड दाबाखाली केलेला हिरा जाहीर केला आणि सारे लक्ष तिकडे गेले. जपानमधील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मायक्रोवेव्ह प्लाझ्माची पद्धत बसवली, तेव्हा या वाटेला वेग आला. भारतात २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने बीजांवरील सीमाशुल्क हटवले आणि संशोधनासाठी पाच वर्षांचे अनुदान घोषित केले. हे काम मद्रासच्या आयआयटीकडे आले.

बाजाराचे गणित मात्र निराळेच निघाले. डी बिअर्सने २०१८ साली ‘लाइटबॉक्स’ या नावाने प्रयोगशाळेतील हिरे कॅरेटला ८०० डॉलरने विकायला काढले. तो भाव तेव्हा स्वस्त वाटला होता. पुढे यंत्रे वाढली, भाव कोसळले, आणि २०२५ साली कंपनीने हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. खाणीला मर्यादा असते, तशी यंत्रांच्या संख्येला नसते. लग्नाच्या दागिन्यात घातलेला असा हिरा परत विकायला नेणाऱ्या कुटुंबाला हे गणित आधी कोणी सांगितले होते का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. ‘अहिंसक हिरा’ हे जाहिरातीचे शब्दही तपासून घ्यावेत. येथे जमीन खणावी लागत नाही हे खरे. पण आठवडेच्या आठवडे लागणारी वीज आपल्या देशात अजून मुख्यतः कोळशातूनच येते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे: चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून विकणे. प्लाझ्मातील हिरा खोटा नव्हे. तोही शुद्ध कार्बनच, कठीणपणा तोच, झळाळी तीच. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचे मूळ ग्राहकाला सांगण्याचे बंधन कायम ठेवले. दोष मालात नसतो. पुडीवर काय लिहिले आहे, यात तो असू शकतो.

दहापट भिंगाखाली अनुभवी पारखीलाही हा फरक बहुधा सांगता येत नाही. दुकानातील साधे उष्णतावाहकता तपासणारे यंत्र तर दोन्हींना हिराच म्हणते, आणि ते चूकही नसते. फरक सापडतो तो प्लाझ्माच्याच एका खोडीमुळे. पात्राचा झरोका असतो क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. हायड्रोजनचे अणू तो झरोका किंचित झिजवतात आणि सिलिकॉनचे मोजके अणू वाढत्या हिऱ्यात जाऊन बसतात. लेसरचा झोत टाकला की ते ७३७ नॅनोमीटर तरंगलांबीचा लालसर प्रकाश देतात. खाणीतील हिऱ्यात ही खूण अतिशय दुर्मीळ असते. अडचण बारीक मालाची. शेकडो सूक्ष्म हिऱ्यांच्या पुडीत प्रत्येक खडा असा तपासणे महाग पडते, आणि दोन्ही प्रकार मिसळण्याचा मोहही तेथेच अधिक होतो. तपासणीचा खर्च विक्रेत्याने सोसावा की ग्राहकाने, हे सौदा ठरतानाच स्पष्ट केलेले बरे.

दागिन्याबाहेर या हिऱ्याला वेगळाच मान आहे. तांब्याच्या जवळजवळ पाचपट उष्णता तो वाहून नेतो. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या संलयन प्रकल्पात भारतही भागीदार आहे. तेथील प्लाझ्मा पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवायचा आहे, आणि त्यासाठीच्या शक्तिशाली मायक्रोवेव्ह लहरी आत सोडायच्या खिडक्या अशा हिऱ्याच्या चकत्यांच्या आहेत, ज्या स्वतः मायक्रोवेव्हने पेटवलेल्या प्लाझ्मातच थर थर वाढलेल्या असतात.