अथेन्सची शोकात्मिका आणि नगरराज्य
अथेन्समध्ये शोकात्मिका हा नगरराज्याच्या कारभाराचाच एक भाग होता. डायोनिससच्या उत्सवात कोणत्या नाटककाराला वृंद द्यावा हे आर्कन हा अधिकारी ठरवी. वृंदाचा खर्च धनिक नागरिकावर कर्तव्य म्हणून सोपविला जाई. या आश्रयाला दुसरी बाजूही होती. इ. स. पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस जिंकले. त्यावरील फ्रिनिकसचे नाटक पाहून प्रेक्षक रडले. हिरोडोटस सांगतो की, स्वकीयांच्या आपत्तीचे स्मरण करून दिल्याबद्दल नाटककाराला १,००० ड्राख्मा दंड झाला आणि नाटकावर बंदी आली. दंडाचे कारण वाङ्मयीन नव्हते, हे उघडच आहे. इ. स. पू. ४७२ मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’मध्ये इराणयुद्धाचाच विषय हाताळला, पण रंगभूमीवर विलाप दाखविला तो सूसा येथील इराणी दरबाराचा. त्याच्या वृंदाचा खर्च तरुण पेरिक्लीसने केला होता.