कपडे धुण्याच्या यंत्राचा प्रवास

काचीगुडा किंवा सुलतान बाजारातील जुने घर सोडून एखादे कुटुंब नव्या सदनिकेत जाते, तेव्हा काचेची भांडी सुखरूप पोचतात. परंतु कपडे धुण्याचे भक्कम यंत्र मात्र कधी कधी वाटेतच बिघडते. असे का व्हावे?

समोरून दार असलेल्या यंत्रातील टाकी स्प्रिंगांवर टांगलेली असते. तीत फिरणारे पिंप कपडे पिळताना मिनिटास सुमारे १००० फेरे घेते. त्या वेगाने यंत्र जागचे हलू नये म्हणून टाकीला बहुधा काँक्रीटचे वजनदार ठोकळे जोडतात. टेंपोच्या धक्क्यांनी हेच टांगते वजन आतल्या आत आदळते.

म्हणून प्रथम वीज व नळ बंद करून नळ्यांतील आणि गाळणीतील पाणी काढावे. यंत्र नवे आले तेव्हा काढून जपून ठेवलेले बोल्ट मागील बाजूने पुन्हा आवळावेत. यंत्र उभेच न्यावे. दाराला धरून उचलू नये. नव्या घरी मात्र बोल्ट काढल्याखेरीज ते सुरू करू नये.

ओझे घसरले तर माणसावरही बेतते. १० मार्च १९९० रोजी हुसेनसागरात तराफ्यावरून नेत असता भव्य बुद्धमूर्ती पाण्यात गेली आणि काही जणांचे प्राण गेले. मूर्ती पुढे १९९२ साली उभी राहिली. गेलेली माणसे परत आली नाहीत. यास्तव आम्ही विद्यार्थिमित्रांना सांगतो, जिन्यावरून साठ-सत्तर किलोंचे यंत्र नेणाऱ्या हमालांना घाई करू नका; आधी त्यांची वाट मोकळी करून द्या.