ख्मेर जेवण म्हणजे ‘सपक थाई’ नव्हे

नॉम पेनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे देशातून पाहुणे येत राहतात. ते अंगकोर पाहून येतात, फोटो दाखवतात आणि जेवणाचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य टाकतात, “थाईसारखंच आहे हो, पण सपक.” कुणी ‘पाणचट थाई’ म्हणतं, कुणी ‘बिनमिरचीचं थाई’. हे मत कसं बनलं, ते विचारलं की कळतं, सिएम रीपच्या पब स्ट्रीटवर दोन रात्री जेवण झालेलं असतं आणि तिसऱ्या रात्री भारतीय हॉटेल सापडलेलं असतं. सहलीबरोबर स्वयंपाकी आलेला असेल तर तेवढंही झालेलं नसतं. तरी मत तयारच. ख्मेर शेजाऱ्यांच्या घरी जेवून जेवून आता हे वाक्य हसण्यावारी नेणं मला जमत नाही. म्हणून एकदाचं नीट सांगून टाकतो.

आधी ‘सपक’चं बघू. आपण सपक म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा म्हणायचं असतं ‘मिरची कमी’. मिरची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात उतरली आणि आशियाभर पसरली. तिकडे अंगकोरच्या बायोन मंदिराचे दगडी चेहरे घडत होते, तेव्हा इकडे देवगिरीच्या यादवांच्या मुदपाकखान्यातही मिरची नव्हती. होती ती मिरी आणि पिंपळी. म्हणजे ज्या मापाने आपण ख्मेर स्वयंपाक जोखतो, ते माप त्या स्वयंपाकापेक्षा आणि आपल्याही स्वयंपाकापेक्षा कितीतरी नवं आहे.

शिवाय कंबोडियात मिरची नाही असं थोडंच आहे? ती पातेल्यात नसते, पातेल्याबाहेर असते. ख्मेर घरात चटईवर जेवण मांडतात तेव्हा भात, रस्सा आणि माशाबरोबर दोन-तीन वाट्या येतातच. एकीत माशाच्या खारात चिरलेली लाल मिरची आणि लसूण, दुसरीत मीठ-मिरपूड आणि वर पिळायला लिंबू. रस्सा एकच असतो. त्यातून आजी जेवते, चार वर्षांचं पोर जेवतं आणि परदेशी भाडेकरूही जेवतो. ज्याला जेवढं झणझणीत हवं तेवढं त्याने आपल्या ताटात करून घ्यायचं. वाट्यांना हात न लावता उठायचं आणि बाहेर येऊन ‘सपक’ म्हणायचं, हा स्वयंपाकाचा दोष नाही.

पण खरी गोची मिरचीची नाही, प्रहोकची आहे. प्रहोक म्हणजे मीठ घालून आंबवलेल्या माशाचा लगदा, ख्मेर स्वयंपाकाचा कणा. पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की टोनले साप नदी उलटी वाहू लागते, त्याच नावाचं सरोवर फुगतं आणि कोरड्या दिवसांत अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर असलेला त्याचा पसारा पाचपट होतो. बुडालेल्या जंगलात मासे वाढतात. पाणी ओसरू लागलं की डिसेंबर-जानेवारीत बोटभर लांबीचे त्रेय रिएल मासे जाळ्यांत लोटतात आणि आसपासच्या प्रांतांतून कुटुंबंच्या कुटुंबं वर्षाची बेगमी करायला नदीकाठी येऊन उतरतात. माशांची डोकी उडवायची, टोपल्यांत तुडवून चरबी आणि रक्त काढायचं, धुवायचं, मीठ लावायचं, उन्हात सुकवायचं, कुटायचं आणि मडक्यांत किंवा डब्यांत दाबून भरायचं. काही आठवड्यांत ते खाण्याजोगं होतं, पण जाणकार वर्ष-दोन वर्षं मुरलेलं मागतात. सरोवराचं पाणी वर्षभर तसंच राहत नाही, मासे तर त्याहून नाही; दोन महिन्यांची लयलूट बारा महिने पुरवायचा हा उपाय आहे.

वास? येतो. ओरुसे बाजारात प्रहोकच्या गल्लीकडे वळण्याआधीच येतो. आणि याच वासापायी परदेशी गिऱ्हाइकांसाठी चालणारी बरीच हॉटेलं प्रहोक सरळ वगळतात किंवा नावापुरता ठेवतात. त्याची जागा भरायला नारळाचं दूध वाढवतात, साखर वाढवतात. मग जे उरतं ते गोडसर, गुळगुळीत आणि खरोखरच कुठल्यातरी थाई पदार्थाची फिकट नक्कल वाटेल असं असतं. सुकटीचा वास येतो म्हणून कोळीवाड्याच्या जेवणातून सुकट, जवळा, बोंबील सगळं काढून टाकायचं आणि उरलेल्या वरणभातावरून कोळ्यांना चवच कळत नाही असा निकाल द्यायचा, तशातला हा प्रकार. आणि गंमत अशी की प्रहोकला नाक मुरडणाऱ्यांत सुकटीची चटणी चाटूनपुसून खाणारेच मला जास्त भेटलेत.

ज्यांना शंका आहे त्यांनी एकदा प्रहोक क्तीस खावं. नारळाच्या दुधात प्रहोक, डुकराच्या मांसाचा खिमा, मटारएवढी इवली वांगी. सोबत कच्ची काकडी, कोबी, हिरवी वांगी, चवळीच्या शेंगा, बुडवून खायला. खारट, आंबूस, जाड, खमंग. यानंतरही कुणी सपक म्हणालं तर त्याची जीभ एकदा वैद्याला दाखवावी.

दुसरा पाया क्रोउंगचा. गवती चहाचे देठ, कोळिंजन, हळद, कुरळ्या सालीच्या लिंबाची पानं, लसूण, छोटे कांदे आणि बोटांच्या जुडग्यासारखं दिसणारं एक आलं, हे सगळं उखळात कुटून केलेलं वाटण. थाई वाटणात वाळकी मिरची बहुतेक वेळा पायातच असते. ख्मेर घरातलं पिवळं-हिरवं क्रोउंग बहुधा मिरचीवाचून कुटतात. लाल रंग हवा असेल तर बिया काढलेली, न झोंबणारी वाळकी मिरची भिजवून घालतात, तीही रंगापुरती. म्हणजे तिखट काढून घेतलेलं नाही. ते मुळात तिथे नव्हतंच.

आंबटाचं तर विचारूच नका. साम्लो माचू म्हणजे आंबट रस्सा, आणि त्याचे किती प्रकार आहेत हे ख्मेर बायकांनाही एका दमात सांगता येत नाही. चिंच, चिंचेचा कोवळा पाला, कैरी, अननस, लिंबू. गाव बदललं की आंबट बदलतं. ही सवय नवी नाही. 1296 मध्ये चीनच्या युआन दरबाराच्या शिष्टमंडळातून झोउ दागुआन अंगकोरला आला आणि सुमारे वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवलंय की इथल्या लोकांना शिर्का करता येत नाही. रस्सा आंबट करायचा तर ते एका झाडाची पानं घालतात, शेंगा आल्या की शेंगा घालतात. वर्णनावरून अभ्यासक ते झाड चिंचेचं मानतात. वेलीवर चढणाऱ्या मिरीचाही तो उल्लेख करतो. बायोनच्या बाहेरच्या भिंतीवर अख्खं डुक्कर कढईत घालणारे आणि काड्यांना लावून मासे भाजणारे आचारी कोरलेले आहेत, ते तर याहूनही थोडे आधीचे. अयुथया राज्य स्थापन झालं 1351 मध्ये. तेव्हा कंबोडियाने थाईची नक्कल केली, हे म्हणण्याआधी निदान सनावळ्या तरी बघाव्यात.

उलट बाजूने ‘थायलंडने सगळं चोरलं’ असं म्हणणारेही आहेत, आणि तेही तितकेच बिनबुडाचे. शतकानुशतकं एकमेकांवर स्वाऱ्या करणाऱ्या, एकमेकांचे कारागीर आणि आचारी पळवणाऱ्या, एकाच मेकाँगच्या खोऱ्यात भात पिकवणाऱ्या दोन देशांत वाटणं आणि पानांत उकडलेले मासे सारखे निघणारच. थायलंडच्या सुरीन प्रांतात आजही घरात ख्मेर बोलतात. तिथल्या उखळातलं वाटण कोणत्या देशाचं, हे ज्याला ठरवायचं असेल त्याने खुशाल ठरवावं.

कडू चवीबद्दल तर कुणी बोलतही नाही. कडुलिंबाची कोवळी पानं आणि फुलोरा उकळत्या पाण्यातून काढून भाजलेल्या माशाबरोबर, चिंचेच्या आंबट-गोड चटणीत बुडवून खातात, आणि हौसेने खातात. आपण पाडव्याला चिमूटभर तोंडात टाकतो ते वेगळं. साम्लो कोर्कोमध्ये कच्ची पपई, कच्ची केळी, भोपळा, शेवग्याचा पाला, तोंडलीचा पाला, सगळं एकत्र पडतं आणि दाटपणाला भाजून कुटलेले तांदूळ. कोकणी माणसाला यातली एकही भाजी परकी नाही. ताडगूळ तर ज्या झाडाचे आपण ताडगोळे खातो त्याच झाडाचा. कॅम्पाँग स्पू प्रांतातल्या ताडगुळाला भौगोलिक मानांकन आहे, कांपोतच्या मिरीला 2010 पासून कंबोडियात आणि 2016 पासून युरोपीय संघातही आहे.

मग एवढा ऐवज असताना हॉटेलांत तो दिसत का नाही? एक कारण प्रहोकचं झालं. दुसरं बोलायला जड आहे. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज राजवटीने घरात चूल पेटवायलाच बंदी घातली. भांडी काढून घेतली, सामुदायिक भोजनगृहं काढली आणि बहुतेक ठिकाणी माणसांना पातळ पेजेवर ठेवलं. पंधरा ते वीस लाख माणसं गेली, त्यांत आचारी गेले, आज्या गेल्या. हॉटेल ही गोष्टच पुढे जवळजवळ शून्यातून उभी राहिली, तीही बऱ्याच अंशी पर्यटकांच्या पैशावर. स्वयंपाक तगला तो घरांत आणि खेड्यांत. रोतनाक रोस या पाककर्तीने, सगळे तिला शेफ नाक म्हणतात, प्रांतोप्रांती फिरून म्हाताऱ्या माणसांकडून पाककृती गोळा केल्या. 2019 मध्ये आलेलं तिचं ‘ञूम’ हे पुस्तक त्यातूनच झालं. तेव्हा ख्मेर जेवणाबद्दल मत द्यायचं असेल तर आधी कुणाच्या तरी घरी जेवा. ओळख लागते, पण फार नाही. बाजारातल्या भाजीवालीला ‘मिंग’, म्हणजे मावशी, म्हणून हाक मारा, आठवडाभर तिच्याकडूनच घ्या आणि हे कसं शिजवायचं ते विचारा. पुढचं ती बघून घेते.

तेही जमणार नसेल तर सकाळी लवकर उठा. नोम बान्चोक, म्हणजे आंबवलेल्या तांदळाच्या पिठाच्या शेवया आणि वर माशाचा हिरवट-पिवळा रस्सा, केळफूल, काकडी, पाल्याचा ढीग. अजूनही काही बायका ते कावडीत घालून दारोदार विकतात. उन्हं चढेपर्यंत संपलेलं असतं.

आता बाकीचे गैरसमज, पटापट.

‘अमोक हे त्यांचं रोजचं जेवण.’ नाही. नोनीची पानं तळाशी घालून, केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला हा मासा सणासुदीचा, निगुतीचा पदार्थ आहे. रोजचा असतो तो साम्लो. नारळाच्या रश्श्यात नुसते तुकडे टाकून वाडग्यात वाढलेलं जे मिळतं, ते घाईचं अमोक.

‘ते कोळी आणि किडे खातात.’ काही लोक खातात, बहुतेक वेळा चकणा म्हणून. कॅम्पाँग चामच्या वाटेवर स्कून गावाला तळलेल्या कोळ्यांच्या पराती बसथांब्यावर असतात आणि समोर पर्यटकांचे कॅमेरे. त्यावरून घरातल्या ताटाचा अंदाज करू नये.

‘बर्फ घेऊच नका.’ मधे भोक असलेल्या नळकांड्यांचा बर्फ कारखान्यात, शुद्ध केलेल्या पाण्याचा होतो. लादी फोडून केलेला बर्फ मासे थंड ठेवायला असतो, तो पेल्यात नको. आणि पाण्याचंच म्हणाल तर 1993 मध्ये नॉम पेनचं 70 टक्क्यांहून जास्त पाणी गळती आणि चोरीत जात होतं; पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख, अभियंता एक सोन चान यांच्या कारकिर्दीत ते 6 टक्क्यांच्या आसपास आलं. त्यांना 2006 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, संस्थेला 2010 मध्ये स्टॉकहोमचा उद्योग-जलपुरस्कार. नळातून येणारं पाणी पिण्याजोगं असतं. तुमच्या इमारतीची टाकी कधी धुतली होती, ते मालकाला विचारा.

‘अजिनोमोटो घालतात, ते विष.’ घालतात, सढळ हाताने. विष नाही. 1968 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या वाचकपत्रातून ही भीती सुरू झाली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत तिला ठोस आधार मिळाला नाही. चव एकसुरी होते, ही तक्रार मात्र रास्त.

भीती बाळगायचीच असेल तर योग्य गोष्टींची बाळगा. मेकाँग खोऱ्यातल्या गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांत यकृतात घर करणारा एक कृमी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. नुसतं लिंबू पिळल्याने तो मरत नाही, शिजवल्याने मरतो. आणि लेबल नसलेली तांदळाची दारू. मिथेनॉलमुळे प्रांतांत माणसं दगावल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. पण बर्फाला घाबरणारे पाहुणे लग्नात तो प्याला मात्र आग्रहाखातर घेतात.

राहता राहिला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, ‘बौद्ध देश आहे, म्हणजे शाकाहारी सहज मिळत असेल ना?’ नाही. इथला पंथ थेरवादी. भिक्षूही भिक्षेत आलेलं मांस-मासे खातात. नुसतं ‘मांस नको’ सांगितलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा समोर येतो, आणि मासळीचा खार तर कुणी मोजतही नाही. ‘बुओस’, म्हणजे व्रतस्थांचं जेवण, असं मागितलं तर समजतं, आणि नॉम पेनमध्ये तशी खास दुकानंही आहेत. घरी जेवायला बोलावलं असेल तर आदल्या दिवशीच सांगा. आणि आयत्या वेळी प्रहोक घातलाय का विचारल्यावर ‘थोडासाच’ असं उत्तर आलं, तर समजा, घातलाय.